जन्माची नोंद, नावाची नोंद : ऑनलाईन नोंदणीविषयी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे असे काही

धर्मग्रामाच्या कार्यालयात स्नानसंस्काराचा दाखला मागण्यासाठी येणाऱ्यांची कारणे गेल्या काही वर्षांत बदलली आहेत. पूर्वी हा दाखला मुख्यत्वे लग्न ठरल्यावर लागत असे. आता कोणाला पासपोर्ट काढायचा असतो, कोणाला मुलाचा शाळाप्रवेश घ्यायचा असतो, तर कोणाच्या मुलीला शिक्षणासाठी परदेशी जायचे असते. जन्माचा सरकारी दाखला हरवलेला असतो, त्यावर बाळाचे नावच नसते किंवा नोंदच झालेली नसते आणि मग चर्चच्या जुन्या नोंदवहीची आठवण होते. ‘फादर, तुमच्या दाखल्यावर काम होईल ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी असते. दुर्दैवाने आज या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी द्यावे लागते.

हे उत्तर का बदलले आणि आपल्या कुटुंबांनी आता कोणती दक्षता घ्यावी, याचा ऊहापोह करण्यासाठी हा लेखप्रपंच. जन्म, विवाह आणि मृत्यू या आयुष्यातील तीन टप्प्यांच्या सरकारी नोंदी आता संगणकावर आणि मोबाईलवर होऊ लागल्या आहेत. ही सोय मोठी आहे. परंतु ज्याला तिची रीत ठाऊक नाही, त्याला ती सोय अडथळ्याप्रमाणे भासते.

दोन नोंदवह्या, दोन हेतू

सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेने स्नानसंस्कार आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्याची शिस्त चर्चला घालून दिली. आजच्या धर्मविधिसंहितेच्या ५३५व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या असणे बंधनकारक आहे. या वह्या अनेक पिढ्या जपल्या गेल्या. सरकारी नोंदणी जेथे विस्कळीत होती, तेथे त्या कुटुंबाच्या इतिहासाचा एकमेव लेखी आधार ठरल्या.

तथापि या वहीचा मूळ हेतू वेगळा आहे. ती व्यक्ती ख्रिस्तसभेची सदस्य केव्हा झाली, हे ती सांगते. जन्मतारीख त्यात पालकांनी सांगितली म्हणून लिहिलेली असते. शासनाच्या नोंदवहीत मात्र जन्म हीच मुख्य घटना असते. ती रुग्णालयाच्या किंवा घरातील जबाबदार व्यक्तीच्या माहितीवरून, ठरावीक मुदतीत आणि कायद्याने नेमलेल्या निबंधकाकडून नोंदवली जाते. एका वहीने दुसऱ्या वहीचे काम करावे ही अपेक्षा पूर्वी निभावून जाई. आता ती निभावत नाही.

कायद्यात काय बदलले?

आपल्या देशात जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा आहे. संसदेने २०२३ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली. या तारखेला किंवा तिच्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या बाबतीत जन्मतारीख आणि जन्मस्थळ सिद्ध करण्यासाठी जन्म प्रमाणपत्र हाच पुरावा धरला जातो. शाळा-महाविद्यालयातील प्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट आणि आधार क्रमांक ही त्या कायद्यात सांगितलेली प्रमुख कामे होत. पासपोर्टच्या नियमांतही २०२५ मध्ये याला अनुसरून बदल करण्यात आला.

याचा अर्थ असा, की आज जे बाळ तुमच्या घरी पाळण्यात आहे, त्याच्यासाठी पुढे शाळा सोडल्याचा दाखला, स्नानसंस्काराचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी काहीही जन्म प्रमाणपत्राची जागा घेऊ शकणार नाही. आधार कार्डावर विसंबून राहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, की आधार हा ओळखीचा पुरावा आहे. तो नागरिकत्वाचा किंवा जन्मतारखेचा पुरावा नाही.

त्या तारखेपूर्वी जन्मलेल्यांना पासपोर्टसारख्या कामांसाठी अन्य पर्याय खुले आहेत. त्यामुळे मोठ्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. लहान मुलांच्या पालकांनी मात्र हयगय करू नये.

नोंद कोठे आणि किती दिवसांत?

नोंदणीविषयी सर्वांत जास्त गोंधळ ‘कोठे’ या प्रश्नाबाबत होतो. जन्म किंवा मृत्यूची नोंद घटना जेथे घडली तेथे होते. कुटुंब कोठे राहते याला येथे महत्त्व नाही. वसईच्या कुटुंबातील सून बाळंतपणासाठी मुंबईतील रुग्णालयात गेली असेल, तर बाळाची नोंद मुंबई महानगरपालिकेच्या त्या विभागात होईल. वसईच्या कार्यालयात कितीही फेऱ्या मारल्या तरी ती सापडणार नाही. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपरिषदेकडे किंवा महानगरपालिकेकडे हे काम असते.

वसई परिसरातील वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. त्यापूर्वी तेथे नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती होत्या. पालघर जिल्हाही १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणून जुन्या दाखल्यावर ग्रामपंचायतीचे नाव आणि ठाणे जिल्हा असा उल्लेख असणे स्वाभाविक आहे. ती चूक समजून दुरुस्तीचा अर्ज करण्याचे कारण नाही. जुनी नोंद शोधताना मात्र त्या काळच्या गावाचे आणि ग्रामपंचायतीचे नाव सांगावे.

जन्म किंवा मृत्यूची माहिती २१ दिवसांच्या आत देणे अपेक्षित आहे. रुग्णालयात झालेल्या जन्माची माहिती पाठवण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यावर असते. घरी झालेल्या जन्माची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर असते. नोंद पूर्ण झाल्यावर ७ दिवसांच्या आत माहिती देणाऱ्याला पहिले प्रमाणपत्र विनामूल्य मिळावे, अशी कायद्यात तरतूद आहे. ते छापील असू शकते किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळू शकते.

ऑनलाईन नोंदणीची रीत

देशभरातील जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी केंद्र शासनाची नागरी नोंदणी प्रणाली, म्हणजेच सीआरएस, कार्यरत आहे. तिचे मोबाईल ॲपही २०२४ मध्ये सुरू झाले. घरी घडलेल्या जन्माची वा मृत्यूची माहिती नागरिकाला स्वतःचे खाते उघडून भरता येते. रुग्णालयातील घटनांची माहिती रुग्णालय भरते; पालकांनी फक्त ती वेळेत आणि बिनचूक भरली जाते आहे ना, हे पाहायचे असते. महाराष्ट्र शासनाच्या ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून उत्पन्नाचा दाखला, वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र यांसारख्या अनेक सेवांसाठी अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीचे जन्म, मृत्यू व विवाह नोंदीचे दाखले, तसेच घराचा नमुना ८ चा उतारा, हेही लोकसेवांच्या यादीत आहेत.

खाते उघडताना पुढील पथ्ये पाळावीत.

पहिले, संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचावा. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता सामान्यतः ‘गव्ह डॉट इन’ ने संपतो. जन्माचे दाखले देणारी बनावट संकेतस्थळे पूर्वी उघडकीस आली आहेत. त्यांवरून मिळालेला कागद हुबेहूब दिसतो. पण सरकारी नोंदवहीत त्यामागे काहीच नसते. खऱ्या डिजिटल प्रमाणपत्रावरील क्यूआर कोड तपासला असता नोंद दिसते. हा तपास प्रमाणपत्र हाती पडताच करावा.

दुसरे, खात्याला स्वतःचा किंवा घरातील व्यक्तीचाच मोबाईल क्रमांक जोडावा. घाईच्या वेळी सेवा केंद्रचालक आपला क्रमांक टाकून काम उरकतात. पुढे ओटीपी त्यांच्याकडे जातो, अर्जाची स्थिती त्यांनाच कळते आणि केंद्र बंद झाले तर आपले खाते आपल्यालाच उघडता येत नाही.

तिसरे, ओटीपी किंवा पासवर्ड फोनवरून कोणालाही सांगू नये, मग समोरची व्यक्ती कोणत्याही कार्यालयाचे नाव सांगो.

चौथे, कागदपत्रांचे फोटो काढताना चारही कोपरे दिसतील आणि अक्षरे वाचता येतील याची खात्री करावी. फाईलच्या आकाराला मर्यादा असते. ती अर्जाच्या पानावरच दिलेली असते.

पाचवे, अर्ज दाखल झाल्यावर मिळणारा अर्ज क्रमांक लिहून ठेवावा आणि पोचपावती जपून ठेवावी. तिचे महत्त्व पुढे येणारच आहे.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आहे. तेथे दरपत्रक पाहून पैसे द्यावेत आणि पावती घ्यावी. शिवाय जन्म-मृत्यू कायद्याने माहिती देण्यासाठी लेखी किंवा तोंडी असे दोन्ही मार्ग मान्य केले आहेत. ज्या आजीला लिहिता-वाचता येत नाही, जो मजूर मोबाईल वापरत नाही, त्यानेही निबंधकाकडे जाऊन माहिती सांगावी आणि ती लिहून घेतल्यावर सही किंवा अंगठा द्यावा. ‘ऑनलाईन करून आणा’ असे म्हणून अशा माणसाला परत पाठवले जात असेल, तर त्याच्यासोबत जाऊन शांतपणे कायदा दाखवून देणे हे शेजाऱ्याचे काम आहे.

नावाचे स्पेलिंग : आपल्या समाजाची खास अडचण

ख्रिस्ती कुटुंबांच्या कागदपत्रांत नाव आणि आडनाव यांची जितकी रूपे आढळतात, तितकी क्वचितच अन्यत्र आढळतील. एकच आडनाव डिसोजा, डिसोझा आणि डिसूझा असे लिहिले जाते. रॉड्रिग्ज कोठे रॉड्रिक्स होतात. लोपीस कोठे लोपेस असतात. डिमेलो, डिसिल्वा, डिकुन्हा या आडनावांत इंग्रजीत ‘डी’ नंतर वरचा स्वल्पविराम द्यावा की मोकळी जागा सोडावी की सारे अक्षर जोडून लिहावे, याबाबत एका घरातील दोन भावांचेही एकमत नसते. त्यातच अनेक ऑनलाईन अर्ज तो वरचा स्वल्पविराम स्वीकारत नाहीत. स्नानसंस्काराच्या वेळी संताचे नाव, घरी लाडाचे नाव आणि शाळेत तिसरेच नाव, हेही आपल्याकडे सर्रास घडते.

कागदाच्या जमान्यात ओळखीचा कारकून हा फरक समजून घेत असे. संगणक समजून घेत नाही. त्याला एका अक्षराचा फरक म्हणजे दुसरा माणूस वाटतो. म्हणून बाळाच्या जन्माची माहिती रुग्णालयात देण्यापूर्वीच आई-वडिलांनी एका कागदावर बाळाचे, आईचे आणि वडिलांचे पूर्ण नाव मराठीत व इंग्रजीत लिहावे, ते आपल्या सध्याच्या ओळखपत्रांशी पडताळावे आणि तोच कागद रुग्णालयात द्यावा.

नाव ठरले नसेल तर नोंद थांबवू नये. नावाशिवाय नोंद करता येते आणि पुढील १२ महिन्यांत नाव विनाशुल्क जोडता येते. त्यानंतरही नोंदणीच्या तारखेपासून १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. मात्र अनुभव असा आहे, की पहिल्या वर्षात राहून गेलेले काम दहावीच्या परीक्षेपर्यंत कोणालाही आठवत नाही. स्नानसंस्काराची तारीख ठरवायला जाल, त्याच आठवड्यात नावाची सरकारी नोंदही पूर्ण करावी, हे उत्तम.

लेखनाची चूक झाली असेल तर निबंधक पुरावे पाहून ती दुरुस्त करू शकतो. अशा वेळी मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्तीची नोंद केली जाते. नाव पूर्णपणे बदलणे ही गोष्ट निराळी आहे. त्यासाठी शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी देण्याची स्वतंत्र पद्धत आहे.

उशीर झाला असल्यास

२१ दिवस उलटले, पण ३० दिवस झाले नसतील, तर विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटल्यास जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. महाराष्ट्रात २०२५ पासून अशा विलंबित नोंदींची छाननी अधिक काटेकोर झाली आहे.

याच टप्प्यावर चर्चच्या नोंदवहीचा खरा उपयोग होतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीची जन्मनोंद नसेल, तर जन्मानंतर थोड्याच दिवसांत लिहिलेली स्नानसंस्काराची नोंद हा एक जुना, स्वतंत्र आणि त्या काळात लिहिलेला कागद असतो. शाळेचा दाखला व अन्य कागदांबरोबर तो पूरक पुरावा म्हणून सादर करता येतो. तो ग्राह्य धरायचा की नाही, हे संबंधित अधिकारी ठरवतो. म्हणूनच धर्मगुरूंनी दाखला देताना वहीत जसे आहे तसेच लिहावे. ओळखीपोटी तारखेत किंवा स्पेलिंगमध्ये केलेला ‘छोटासा बदल’ त्या कुटुंबाला अडचणीत आणतो आणि संपूर्ण नोंदवहीची विश्वासार्हता घालवतो. विश्वासूंनीही अशी गळ धर्मगुरूंना घालू नये.

परदेशी, विशेषतः आखाती देशांत नोकरी करणाऱ्या कुटुंबांनी तेथे जन्मलेल्या बाळाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी. अशी नोंद झाली नसेल आणि पालक भारतात स्थायिक होण्यासाठी परतले असतील, तर बाळ भारतात आल्यापासून ६० दिवसांत येथे नोंद करता येते.

विवाह आणि मृत्यू

चर्चमध्ये १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार झालेला विवाह कायदेशीर असतो आणि कॅथोलिक चर्चमधील विवाहांची विवरणपत्रे दर तिमाहीला शासनाकडे पाठवण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. असे असले तरी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहानंतर ९० दिवसांत तीन साक्षीदारांसह विवाह नोंदणीचा अर्ज स्थानिक निबंधकाकडे करायचा असतो. व्हिसा किंवा पासपोर्टमध्ये जोडीदाराचे नाव घालण्याची वेळ आली, की हेच प्रमाणपत्र मागितले जाते. लग्नाच्या धामधुमीत साक्षीदार घरीच असतात. वर्षभराने तेच साक्षीदार गोळा करताना नाकीनऊ येतात. गोव्यातील पद्धत वेगळी आहे : तेथे चर्चमधील विवाहापूर्वीच नागरी निबंधकासमोर घोषणापत्र द्यावे लागते.

मृत्यूच्या नोंदीबाबत शोकाकुल कुटुंबाकडून दिरंगाई होणे समजण्यासारखे आहे. पण तिचे परिणाम विधवेला आणि मुलांना भोगावे लागतात. बँकेतील ठेव, निवृत्तिवेतन, विमा आणि सातबारावरील वारस नोंद या प्रत्येक कामाची सुरुवात मृत्यू प्रमाणपत्रापासून होते. वारस नोंदीसाठी ‘ई-हक्क’ प्रणालीवर ऑनलाईन अर्ज करता येतो. रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी, असेही २०२३ च्या दुरुस्तीत म्हटले आहे. दफनभूमीची देखभाल करणाऱ्यांवरही मृत्यूची खबर निबंधकाला देण्याची जबाबदारी १९६९ चा कायदा टाकतो, हे आपल्या धर्मग्राम परिषदांनी लक्षात घ्यावे.

अर्ज अडकला तर?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अस्तित्वात आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्यानुसार नागरिकाचा हक्क आहे. अर्ज दिल्यावर क्रमांक आणि मुदत दर्शवणारी पोच मिळाली पाहिजे. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ३० दिवसांत दुसरे अपील आणि तरीही न्याय न मिळाल्यास ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. सबळ कारणाविना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हा हक्क असताना आपली माणसे मध्यस्थाच्या हाती दोन-चार हजार रुपये ठेवतात. त्यात पैसा तर जातोच, पण पैसे दिल्याशिवाय काम होत नाही हा समज पक्का होतो आणि त्याची किंमत ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला मोजावी लागते. पोचपावती आणि एक साधा अपील अर्ज यांत पुष्कळ बळ आहे.

धर्मग्रामांनी काय करावे?

आम्ही येथे काही सूचना विचारार्थ मांडत आहोत. स्नानसंस्काराच्या अर्जासोबत जन्म प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि नावाचे स्पेलिंग त्यावरून घ्यावे. मात्र प्रमाणपत्र नाही म्हणून कोणत्याही बाळाचा स्नानसंस्कार अडवू नये. उलट त्या कुटुंबाची नोंद राहिली आहे हे त्यानिमित्ताने कळले, असे समजून त्यांना साहाय्य करावे. लग्नाच्या पूर्वतयारी शिबिरात विवाह नोंदणीची माहिती अर्धा तास द्यावी. युवक संघातील संगणक जाणणाऱ्या दोन-तीन मुला-मुलींनी महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर पाड्यांवरील आदिवासी कुटुंबांना, वृद्धांना आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना अर्ज भरून द्यावेत. अर्जदाराची कागदपत्रे आपल्या मोबाईलमध्ये ठेवू नयेत, ग्रुपवर टाकू नयेत आणि काम होताच पुसून टाकावीत, हे त्यांना आधीच बजावावे.

योसेफ आणि मरिया नावनोंदणीसाठी बेथलेहेमला गेले, हे शुभवर्तमानात आपण दरवर्षी नाताळात ऐकतो. प्रवास खडतर होता आणि राहायला जागा नव्हती, तरीही त्यांनी ती नोंद टाळली नाही. आज तो प्रवास आपल्याला घरबसल्या करता येतो. तेव्हा वाचकहो, आज सायंकाळी घरातील प्रत्येकाचे जन्म प्रमाणपत्र बाहेर काढा, नावे पडताळून पाहा आणि ज्याचे राहिले असेल त्याचा अर्ज याच आठवड्यात करा. शेजारच्या घरी एखादे तान्हे बाळ असेल, तर त्याच्या आईलाही एकदा विचारा : ‘नोंद झाली का गं?’